प्रकाशानं किती आत यावं?

सिलिकॉन फोटॉनिक्सवरून आमच्या घरात वाद होतो तो पोटापाण्याचा आहे. नवरा नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क सांभाळतो. नणंद बंगळूरला फोटॉनिक चिपचे आराखडे करते. ती जे घडवते ते शेवटी याच्यासारख्या माणसाच्या रॅकमध्ये जाऊन बसणार. फायबर दोघांनाही मान्य आहे, भांडण आहे जागेचं. चिपमधून निघालेला विद्युत संदेश प्रकाशात बदलायचा कुठे? आज तो बदलतो स्विचच्या दर्शनी बाजूला, हातानं काढता-घालता येणाऱ्या मोड्यूलमध्ये. नणंद म्हणते, तो चिपला खेटून, तिच्याच पॅकेजमध्ये बदलला पाहिजे. दोघांचं बोलणं खाली देते आहे, मधे तोंड घालायचा हक्क राखून.

तो: आजच्या पद्धतीत बिघडलंय काय ते आधी सांग. पोर्ट गेला तर मी मोड्यूलची पट्टी धरून ओढतो, कपाटातलं दुसरं आणतो, फायबरचं टोक साफ करतो, खटकन बसवतो. दिवा हिरवा. रात्री दोन वाजता नुकताच लागलेला पोरगाही हे करू शकतो.

ती: दादा, वीजबिल तुझ्या टेबलावर येत नाही म्हणून तुला काही बिघडलेलं दिसत नाही. ५१.२ टेराबिटचा स्विच घे. त्याला ८०० गिगाबिटची ६४ मोड्यूलं लागतात, एकेक साधारण १५ वॉट खातं. झाले की नाही हजाराच्या घरात वॉट? ज्या चिपसाठी हा सगळा पसारा, ती स्वतः त्याच्या निम्म्याच्या आसपास खाते.

तो: प्रकाश पाडायला वीज लागणारच ना.

ती: प्रकाश पाडायला एवढी लागत नाही. बोर्डावरून चालत यायला लागते. चिपपासून दर्शनी पट्टीपर्यंत तांब्याची वाट असते, वीतभर, कुठे दीड वीत. एका लेनवर २०० गिगाबिट जात असताना तेवढ्यातच संदेशाची रया जाते. एन्व्हिडिया म्हणते सुमारे २२ डेसिबल घट. म्हणजे निघालेल्या शक्तीचा दीडशेवा हिस्सा पोचतो. त्या चुरगळलेल्या संदेशातून मूळ आकडे ओळखायला मोड्यूलमध्ये डीएसपी बसवायचा, आणि मोड्यूलची जवळपास निम्मी वीज त्याच्याच पोटात. प्रकाशाचं इंजिन चिपशेजारी आणलं की घट येते ४ डेसिबलवर. तो डीएसपी गेला. १.६ टेराबिटच्या पोर्टला ३० वॉट लागायचे तिथे ९.

तो: हे सगळं विकणाऱ्याच्या तोंडचं.

ती: विकणाऱ्याचे आकडे थोडे फुगवलेले धर. तांब्यातली घट तर काही जाहिरातवाल्यांनी शोधून काढलेली नाही ना?

तो: आणि डीएसपीच काढायचाय ना, मग मोड्यूल तसंच ठेवून आतला डीएसपी काढा. संदेश सुधारायचं काम स्विचच्या चिपला द्या. लिनिअर प्लगेबल. स्विच बनवणाऱ्या अरिस्टाचा अँडी बेख्टोल्सहाइम २०२३ पासून याचीच बाजू मांडतोय, आणि त्याची हयात यंत्रं बांधण्यात गेली आहे.

ती: १०० गिगाबिटच्या लेनला ते जमतं. २०० ला मेटाकुटीला येतं. ४०० ला काय करशील?

याचं उत्तर त्यानं दिलं नाही. ते कोणाकडेही छातीठोकपणे द्यावं असं नाही, हे नणंदेलाही ठाऊक आहे.

‘इंजिन चिपशेजारी आणायचं’ हे ती जितक्या सहज म्हणते तितकं ते सहज नाही, आणि त्याचं मूळ सिलिकॉनच्या स्वभावात आहे. सिलिकॉन प्रकाश जवळजवळ देतच नाही. त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उतरताना आपली ऊर्जा बहुतेक वेळा स्फटिकाच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत घालवतो. प्रकाश वाहून नेणं मात्र सिलिकॉनला छान जमतं. १.१ मायक्रॉनहून लांब तरंगलांबीचा प्रकाश त्यातून आरपार जातो, आणि फायबरमध्ये वापरतात ते १३१० आणि १५५० नॅनोमीटर नेमके त्यात बसतात. सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीनच्या आसपास, भोवतीच्या सिलिकाचा दीडही नाही. या मोठ्या फरकामुळे ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड पट्टीत प्रकाश कोंडून राहतो आणि काही मायक्रॉनच्या वळणावरही फारसा सांडत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड सोरेफ यांनी १९८० च्या दशकात यावर चिकाटीनं काम केलं. सिलिकॉनमध्ये विद्युतभार आत-बाहेर केले की अपवर्तनांक किती सरकतो, हे त्यांनी आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये मांडलं, आणि प्रकाशाची उघडझाप करणारे आजचे मॉड्युलेटर त्याच आधारावर उभे आहेत. २००४ मध्ये इंटेलनं गिगाहर्ट्‌झला पोचणारा सिलिकॉन मॉड्युलेटर दाखवला. प्रकाश टिपायला जर्मेनियम आहे, ते सिलिकॉनवर वाढवता येतं. उरला लेझर. तो इंडियम फॉस्फाइडचा, परका. २००६ मध्ये इंटेल आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं तो सिलिकॉनवर चिकटवून दाखवला, तरी त्याला कुठे ठेवावं हा तंटा मिटलेला नाही.

तो: एवढं सगळं सिलिकॉनमध्ये होतंय तर ट्रान्झिस्टर आणि प्रकाश एकाच चिपवर करा. ही चिकटवाचिकटवी कशाला?

ती: करून झालंय! २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. बर्कली, एमआयटी आणि कोलोरॅडोच्या लोकांनी ४५ नॅनोमीटरच्या बाजारी प्रक्रियेत प्रोसेसर काढला. एका तुकड्यावर सात कोटी ट्रान्झिस्टर आणि साडेआठशे प्रकाशीय घटक, तेही फॅबची प्रक्रिया न बदलता. तो प्रोसेसर मेमरीशी प्रकाशातून बोलला. आम्ही तो पेपर पाठ केला होता.

तो: मग पुढे सगळे त्याच वाटेनं का नाही गेले?

ती: ट्रान्झिस्टर बारीक होत गेला, प्रकाश होत नाही. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये शिरला तरी त्याची तरंगलांबी पावणेचारशेच्या आसपास राहते. माझा वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहणारी पट्टी, ६५ नॅनोमीटरच्या फॅबमध्ये करा नाहीतर ३ च्या, माप तेच. ३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या भावाच्या वेफरवर माझ्या मॉड्युलेटरच्या रिंगांना कोण जागा देणार? म्हणून चिप बनवणारी टीएसएमसी फोटॉनिक चिप ६५ नॅनोमीटरला काढते, तिला हाकणारी इलेक्ट्रॉनिक चिप ६ ला, आणि मग एकीवर दुसरी चढवते.

तो: म्हणजे एकत्र करायला निघालात आणि वेगवेगळं करून सांधलंत.

ती: हो, पण सांधा मायक्रॉनांचा आहे. वीतभर तांबं नाही.

माझ्या मते या विषयाचं मर्म इथे आहे, आणि कंपन्यांच्या चकचकीत चित्रांत ते दिसत नाही. चित्रात एक सुंदर चौकोनी चिप असते, तिच्या कडेतून निळे किरण बाहेर पडत असतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या पदार्थांच्या, तीन वेगळ्या कारखान्यांतल्या वस्तू एकमेकींना जोडायच्या असतात. त्या जोडाची किंमत, त्याचं तापमान आणि त्याचं आयुष्य यावर सगळं ठरतं.

तो: रिंगा म्हणालीस. त्या तापमानाला टिकतात?

ती: (जरा नाखुशीनं) सिलिकॉन एक अंशानं तापलं की रिंगची तरंगलांबी ०.०७-०.०८ नॅनोमीटर सरकते. रिंगचा अनुनाद नॅनोमीटरच्या दशांशाएवढा, फार तर दोन दशांश रुंद. दोन-तीन अंशांचा फरक पडला की ती आपला रंग ओळखेनाशी होते.

तो: आणि तिला तू शेकड्यांनी वॉट ओकणाऱ्या चिपशेजारी नेऊन ठेवतेस.

ती: प्रत्येक रिंगला तिचा छोटा हीटर असतो. रिंग गार करणं हातात नसतं, गरम करणं असतं. म्हणून तिला मुद्दाम थोडी गरमच ठेवायची आणि शेजारची चिप तापली की हीटर कमी करायचा. एक सर्किट सतत तेच बघत असतं.

तो: छान! मी लाखो रुपये घालून हॉलमध्ये गार पाणी फिरवणार आणि तू चिपच्या कुशीत हीटर लावणार.

ती: मिलिवॉटचे आहेत रे ते. रिंग नको असेल तर माख-झेंडर मॉड्युलेटर घे. इंटेलनं २००४ मध्ये तोच केला होता, तापमानाला बराच सोशिक. पण तो मिलिमीटरभर लांब, आणि रिंग दहाएक मायक्रॉनची. मोजक्या वाहिन्या असतील तेव्हा माख-झेंडरनं भागतं. चिपच्या कडेला शेकडो वाहिन्या हव्यात तिथे त्याला जागा कुठून आणू?

रिंगचं मला इतकं वाटत नाही, ते सर्किटवाले सांभाळतील. फायबर चिपला जोडतात ते मी तिच्या लॅबमध्ये पाहिलं तेव्हा मात्र नवऱ्याच्या शंकेला वजन आहे असं वाटलं. सिंगल-मोड फायबर १२५ मायक्रॉन जाडीचा, त्यात प्रकाश चालतो तो गाभा नऊएक मायक्रॉनचा. चिपवरची सिलिकॉनची पट्टी अर्ध्या मायक्रॉनची. क्षेत्रफळात पाचशेपटींहून जास्त फरक. पट्टीचं टोक चिपच्या कडेला निमुळतं करत नेलं की गंमत होते. बारीक टोकाला प्रकाश कोंडून ठेवणं जमेनासं होतं, तो भोवतीच्या काचेत पसरतो, फुगतो आणि फायबरच्या मापाच्या जवळ येतो. फायबर बसवायला सिलिकॉनमध्ये इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात. खाचेच्या भिंतींचा कोन कोणी ठरवत नाही, स्फटिकाच्या थरांमुळे तो आपोआप ५४.७ अंशांचा येतो. फायबर खाचेत उतरवायचा, मायक्रॉनच्या आत सरळ आणायचा, गोंदाचा थेंब सोडायचा आणि जंबुपार दिव्याखाली तो कडक करायचा. हे करणारी मुलगी सूक्ष्मदर्शकात बघत नव्हती, बघत होती पॉवर मीटरकडे. आकडा चढत चढत एका जागी थांबला, तिनं दिवा लावला, आणि गोंद सुकताना आकडा पुन्हा थोडा उतरला. गोंद आकसतो. ती काही बोलली नाही, वहीत लिहून पुढचा फायबर उचलला. फोटॉनिक वस्तूच्या किमतीचा मोठा वाटा चिपवर न जाता अशा जोडणीवर आणि तपासणीवर का जातो, ते त्या टेबलाशी उभं राहिलं की कळतं.

तो: तेच म्हणतोय मी. मोड्यूलमध्ये हा गोंद सुटला तर एक मोड्यूल फेकतो. तुझ्या पद्धतीत सुटला तर?

ती: इंजिन जातं.

तो: किती टेराबिटचं?

ती: ब्रॉडकॉमच्या बेली स्विचमध्ये ६.४ टेराबिटची आठ इंजिनं आहेत.

तो: म्हणजे एका थेंबानं स्विचचा आठवा हिस्सा. आणि ते काढता येणार नाही, अख्खी पेटी उतरवायची. कामात असलेली.

ती: एक जोड सुटल्यानं सगळं इंजिन जातंच असं नाही, एखादी वाहिनी जाते. पण ठीक आहे, वाईटात वाईट धरू. आता मी विचारते. तुझी मोड्यूलं जातात ती कशानं?

तो: (थोडा विचार करून) लेझर. आणि घाण. टोकावर धुळीचा कण.

ती: लेझरचं आयुष्य उष्णता खाते, म्हणून त्याला आम्ही आत घेतलेलाच नाही. ब्रॉडकॉम असो, एन्व्हिडिया असो, लेझर दर्शनी बाजूलाच वेगळ्या पेटीत, थंड जागी, तुला हवी तशी पट्टी धरून ओढता येईल असा. त्याचा अखंड प्रकाश फायबरनं आत येतो, आतला मॉड्युलेटर फक्त त्याची उघडझाप करतो. लेझरांची संख्याही घटते, एकाचा प्रकाश अनेक वाहिन्यांना वाटता येतो. धुळीचं म्हणशील तर प्रत्येक मोड्यूल हा तू उघडू शकतोस असा एक सांधा आहे, आणि उघडता येतो म्हणूनच तो घाण होतो.

हा मुद्दा त्याला लागला. त्याच्या खिशात फायबर साफ करायचं टिचकीचं पेन कायम असतं, आणि ‘बघितल्याशिवाय लावू नका’ असा कागद त्यानं कपाटावर चिकटवला आहे.

तो: बरं. मेटानं लामा ३ हे एआय मॉडेल शिकवताना काय झालं ते त्यांनी स्वतः छापलंय. १६,३८४ जीपीयू, ५४ दिवस, अचानक ४१९ वेळा काम थांबलं. त्यात स्विच आणि केबल मिळून ३५.

ती: मग हे माझ्या बाजूचं झालं की तुझ्या?

तो: दोघांच्या. बाकीचे बहुतेक खोळंबे जीपीयू आणि त्यांच्या मेमरीचे होते. जीपीयू गेला तर आम्ही अख्खा ट्रे काढतो, त्याला काही ओढायची पट्टी नसते. म्हणजे पेटी उतरवणं मला नवीन नाही, एवढं तुला दिलं. पण जीपीयू गेला की एक जीपीयू जातो. स्विचचं इंजिन गेलं की त्याच्या पलीकडचे सगळे वाट बघत बसतात. शिकवणीचं काम असं असतं की एक थांबला की हजारो थांबतात.

ती: लिंक क्षणभर पडून परत उठली तरी तेच होतं. म्हणून सांधे कमी हवेत.

तो: आणि खरेदीचं काय? मोड्यूल कोणत्याही कंपनीचं चालतं, मापं आणि वायरी सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या आहेत. आम्ही तर सगळ्यालाच एसएफपी म्हणतो, ओएसएफपी असलं तरी. तीन दुकानदारांकडून भाव मागवतो, तिघं एकमेकांचे भाव पाडतात. तुझ्या पद्धतीत स्विच ज्याचा प्रकाशही त्याचाच. तो म्हणेल तो भाव.

ती: ...

तो: बोल की.

ती: यावर माझ्याकडे उत्तर नाही. हा प्रश्न भौतिकीचा नाही, पण आहे. लेझरच्या पेटीचं माप सगळ्यांनी एकच ठरवलंय, तेवढाच आधार.

तांब्याची बाजू दोघांपैकी कोणीच पूर्णपणे घेतली नाही, म्हणून ती मी घेते. मार्च २०२४ मध्ये एन्व्हिडियानं एनव्हीएल७२ हा रॅक जाहीर केला. त्यात ७२ जीपीयू एकमेकांशी जोडलेले आहेत ते पाच हजारांवर तांब्याच्या केबलींनी. कंपनीचे प्रमुख जेन्सेन ह्वांग यांनी व्यासपीठावरून सांगितलं की हेच काम प्रकाशानं केलं असतं तर नुसत्या ट्रान्सीव्हर आणि रीटायमरला २० किलोवॉट लागले असते. अख्खा रॅक १२० किलोवॉटचा. बरोबर एका वर्षानं, मार्च २०२५ मध्ये, त्याच कंपनीनं चिपशेजारी प्रकाश आणलेले स्विच जाहीर केले, तेही मायक्रोरिंगचे. यात कोलांटउडी नाही. रॅकच्या आत मीटरभर अंतर आहे तोवर तांबं स्वस्त आणि मजबूत. रॅकबाहेर पडलं की प्रकाश. ही हद्द मात्र वेग वाढेल तशी आत सरकते, कारण वेग दुप्पट केला की तांब्याची पोच साधारण निम्मी होते. १०० गिगाबिटच्या लेनला दोनेक मीटर जाणारी साधी केबल २०० ला मीटरभरावर दमते. हे मी म्हटल्यावर नणंद एकदम खुलली.

ती: वहिनी बरोबर बोलली. दादा, तू दर्शनी पट्टीसाठी भांडतोयस, पण पुढचा वाद रॅकच्या आतला आहे. उद्या जीपीयूच्या शेजारी प्रकाश येईल, तिथे पट्टी लावायला जागाच नाही.

तो: म्हणून आत्ताच भांडतोय. तिथे येण्याआधी बदलता येईल असं काहीतरी करा. इंजिन सोल्डर कशाला करता? सॉकेटमध्ये बसवा. चार स्क्रू काढले की बाहेर.

ती: सॉकेट म्हणजे आणखी एक सांधा. त्यातून २०० गिगाबिट न्यायचे म्हणजे घट वाढली.

तो: किती?

ती: सॉकेट कसं आहे त्यावर आहे. टाचण्या किती लांब, किती जवळ.

तो: मघाशी तूच म्हणालीस, २२ चे ४ करणार. त्यातला एक डेसिबल मला दे. पाच झाले तरी मी खूश आहे, वीज थोडी जास्त गेली तरी चालेल. पण मला ते इंजिन काढता आलं पाहिजे.

ती: फायबर गोंदानं चिकटवलेले आहेत, सॉकेट काढलंस तरी ते लोंबकळत राहतील.

तो: मग त्यालाही जोड दे, काढता येणारा. एन्व्हिडियानं दिलाय म्हणतात ना.

ती: दिलाय. तिथेही थोडा प्रकाश जातो.

तो: जाऊ दे. तू सगळे डेसिबल वाचवून मला न उघडणारी पेटी देणार असशील तर मी जुनी मोड्यूलंच लावत राहीन, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

ती: एक डेसिबल सॉकेटला आणि अर्धा फायबरच्या जोडाला. याहून जास्त मागायचं नाही.

तो: आणि लेझर तीन दुकानदारांकडून.

ती: ते मला विचारू नकोस, तुझ्या खरेदीवाल्यांना सांग, ऑर्डर देताना अट घाला म्हणावं. सॉकेटचं मी सोमवारी आमच्या पॅकेजिंगवाल्यांना विचारते. ते नाही म्हणतील, पण का ते लिहून मागते.